पुढं काय म्हणते ती?

आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या सरांची एक खोड होती. निबंध लिहून झाला की ते स्वतः आधी वाचायचे नाहीत. वर्गातल्या दोघादोघांच्या जोड्या लावायचे आणि म्हणायचे, पहिल्यांदा एकमेकांचं वाचा, मग माझ्याकडं या. वाचताना हातात पेन्सिल धरायची. चूक दाखवायची नाही, दुरुस्ती तर मुळीच नाही, समासात फक्त प्रश्न लिहायचे. ‘हे वाक्य बरोबर नाही’ असं कुणी लिहिलं की सर खोडरबर पुढं करायचे. ‘हे तुला कुठं दिसलं?’ असं लिहिलं की खूश. पोरं मागं हसायची, म्हणायची, तपासायचा कंटाळा म्हणून म्हाताऱ्यानं ही सोंगं काढलीत. मलाही तसंच वाटायचं. आता कधीमधी माझं काही छापून येतं, त्याआधी कुणी शहाणा माझी पानं लाल शाईनं रंगवून धाडतो, तेव्हा वाटतं त्याला एक खोडरबर पाठवावं, टपालखर्च माझा.

माझी जोडी लागली शैलाशी, तिच्या शेजारची जागा रिकामी होती म्हणून. तिचे वडील वसमतच्या कोर्टात कारकून. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीत वडील संध्याकाळी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज बडवत बसायचे आणि आत तिची आई येसरची आमटी उकळत ठेवून देवाचं काहीतरी पुटपुटत असायची. मी हट्टा गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या बंजारा तांड्यातली. पण तांड्यात मी राहिले किती? लहान होते तेव्हापासून वसमतच्या मुलींच्या बोर्डिंगात. सुट्टी लागली की एस.टी.नं फाट्यावर उतरायचं, घरी जायचं, सुट्टी संपली की परत. शैलाच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, माझं ताट वेगळं ठेवलं होतं. शैलानं ते पाहिलं. दुसऱ्या खेपेला ते ताट तिनं स्वतःपुढं ओढलं आणि त्यातच जेवली. तिथून पुढं ताटांचा प्रश्न त्या घरात निघाला नाही, आणि काकूच मला हाका मारायला लागल्या, ‘‘चंदे, ये गं, धपाटे गरम आहेत तोवर खा.’’ त्या धपाट्यांवरच्या लोण्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. खोटं कशाला बोलू, बोर्डिंगातल्या पाणचट वरणाला कंटाळून निम्म्या वेळा मी निबंधापेक्षा धपाट्यांसाठीच जायची.

तांड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली पोरगी. त्यामागं माझ्या बापूची हिंमत होती. बापू म्हणजे माझे वडील. नायकापुढं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढं, चार माणसांत बसून त्यांनी शब्द दिला होता, ‘‘पोरगी शिकते म्हणते तवर मी लग्नाचं नाव काढणार न्हाई. तिला वाटंल तवा बघू. तिच्याकडून येऊ द्या.’’ लोक हसले होते. पोरगी कधी स्वतःहून सांगते का? पण बापू शब्दाचा पक्का माणूस. मला बी.ए. व्हायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं, आणि आमच्याच फाट्यावरच्या शाळेत खुर्चीवर बसून हजेरी घ्यायची होती. एवढं एकच मनात धरून मी ती सगळी वर्षं पाणचट वरण गिळलं.

त्या वर्षी विद्यापीठाच्या निबंधस्पर्धेचा विषय आला, ‘लोकगीतातील स्त्री’. मी हुशार! गाइड उघडलं आणि पानं भरून टाकली. लोकगीत म्हणजे संस्कृतीचा आरसा, वगैरे वगैरे. शैलानं पडवीत बसून ते वाचलं आणि पहिल्याच ओळीपाशी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं, ‘या आरशात तू पाहिलंस का?’ मला असा राग आला! म्हणलं, ‘‘म्हणजे काय? तुला काय कळतंय?’’ ती म्हणाली, ‘‘मला कळत नाही म्हणूनच विचारतेय की. तुमच्या तांड्यात बायका गातात ना? काय गातात?’’ मी वही हिसकावली आणि बोर्डिंगात निघून आले. दोन घास कमी जेवले, पण डोक्यातून ते जाईना.

मग मी ढावलोवर लिहायला घेतलं. आमच्यात लग्नात नवरी नुसती रडत नाही, गाऊन रडते. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात, त्याला ढावलो म्हणतात. एकेकाच्या गळ्यात पडून ती त्याला बोल लावते. बापाला म्हणते, गोठ्यातली भाकड गाय तू राखलीस, मला काहून राखलं न्हाईस? आईला बोल लावते, भावाला, मैत्रिणीला, सगळ्यांना. जितकं माणूस जवळचं तितका बोल कडक. परक्याला कोण कशाला बोल लावील? मी लहानपणी याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडीवर पेंगत हे ऐकलेलं होतं, म्हणून चालही आठवत होती, पण शब्द म्हणाल तर दोन-चार ओळींपुढं जात नव्हते. त्या लिहिल्या. शैलानं वाचलं तेव्हा ती मान वर करीना. आतून काकूंनी दोनदा हाक मारली तरी हिला ऐकू नाही. मग तिनं त्या ओळींच्या शेजारी लिहिलं, ‘पुढं काय म्हणते ती?’

‘‘मला नाही येत पुढचं,’’ मी म्हणाले.

‘‘मग कुणाला येतं?’’

‘‘धापलीकाकीला. आमची म्हातारी चुलती. सगळ्या तांड्याला तीच शिकवते.’’

‘‘मग विचार की तिला. दिवाळीला जातीयस ना? चंदे, हे कुणी कधी लिहिलं नसेल गं. तू लिही. मी बसते तुझ्याबरोबर, एकेक ओळ नीट करू.’’ एवढं बोलून ती अशी हसली, जसं काही बक्षीस तिलाच मिळणार होतं.

दिवाळीची सुट्टी लागली. तांड्यात तेव्हा नुसती धांदल असते, कारण दिवाळी सरली की निम्मा तांडा ऊसतोडीला बाहेर पडतो. गाड्यांची चाकं ठोकायची, बैलांना नाल मारायचे, पोत्यात जवारी भरायची. ज्याची सोयरीक जुळवायची ती माणसं पांगायच्या आत जुळवायची. त्या गडबडीत मी दिवेलागणीला धापलीकाकीच्या झोपडीत जाऊन बसले आणि म्हणाले, ‘‘काकी, मला ढावलो शिकव.’’ काकीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. माझ्याकडं बघितलं. तिच्या हातातल्या हस्तिदंती चुड्यावर राख उडालेली होती, ती तिनं सावकाश पुसली. मग विचारलं, ‘‘कशापायी?’’ मी सांगितलं, ‘‘कॉलेजात लिहून द्यायचंय.’’ काकी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, ‘‘व्हय व्हय. लिहून दे. बस.’’

आता इथं जे मला माहीत नव्हतं ते सांगते. माझ्या बरोबरीच्या पोरी ज्या दिवसांत हे शिकल्या त्या दिवसांत मी बोर्डिंगात पाढे म्हणत होते. आमच्यात पोरगी तोंडानं कधी म्हणत नाही की माझं लग्न करा. लाज असते ना! तिला वाटलं की ती आपण होऊन म्हातारीकडं जाते आणि ढावलो शिकव म्हणते. बास. तांडा समजून घेतो. आणि कशापायी म्हणून विचारलं तर ती कारण सांगते. कुणी म्हणते मैत्रिणीच्या लग्नात साथ द्यायची आहे, कुणी म्हणते उगीच, कुणी म्हणते झोप येत नाही. कारण सांगायचंच असतं, आणि ऐकणाऱ्यानं हसून ते ऐकून घ्यायचं असतं. मी खरं तेच सांगितलं आणि तेही त्या कारणांत जमा झालं. ह्याऐवजी मी खोटं बोलले असते तरी तेच झालं असतं. याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

त्या सुट्टीत मी रोज काकीकडं जात होते. काकी एक ओळ म्हणायची, मी तिच्यामागून म्हणायची, मग चिमणीच्या उजेडात वहीत उतरवायची. काकी म्हणायची, ‘‘कागद ठेव गं बाजूला, हे गळ्यात ऱ्हायलं पायजे.’’ शिकवता शिकवता ती स्वतःच रडायची, तिच्या मेलेल्या लेकीचं नाव मधेच घ्यायची. बाहेर बाया येऊन दाराशी बसायच्या आणि गप ऐकायच्या. कुणी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. कुणाकडून गूळ यायचा. याडीनं ट्रंकेतून जुना फेटिया काढला, म्हणजे आमचा घागरा, आणि त्याला आरसे टाकायला बसली. मी म्हणलं, काय करून राहिलीस? तर डोळे पुसून म्हणाली, ‘‘काय न्हाई गं, हात रिकामा होता.’’ बापू रात्री जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप घालायचे. मला वाटलं, लेकरू सुट्टीला आलंय म्हणून लाड चाललेत. इतकं बरं वाटत होतं मला! तसं सुख मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

सुट्टी संपवून वसमतला आले आणि शैलाच्या पडवीत आम्ही निबंधाला बसलो. तिनं मला घाम फोडला. ‘ही ओळ नवरी कुणाकडं बघून म्हणते?’ ‘बाप तेव्हा काय करतो?’ ‘पाठ केलेलंच म्हणते की स्वतःचंही घालते?’ या शेवटच्या प्रश्नावर मला काकीचं बोलणं आठवलं. काकी म्हणायची, दुसऱ्याचं शिकायचं ते गळा मोकळा व्हावा म्हणून, खरं ते त्या दिवशी आपलं आपण येतं. मी ते लिहिलं. सगळा निबंध त्या एका वाक्याभोवती फिरून उभा राहिला. शेवटचा खर्डा शैलानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. समास कोरा. म्हणाली, ‘‘मला आता विचारायचं काही नाही.’’ काकूंनी त्या दिवशी शिरा केला. आम्ही दोघी हसत होतो, वेड्यासारख्या, कशाला हसतोय ते न कळता.

त्याच आठवड्यात बापूंनी निरोप धाडला, घरी ये. गेले तर दारात अनोळखी माणसं पागोटी बांधून बसलेली, नायक मधोमध, आणि परातीत गूळ. आमच्यात सोयरीक ठरली की गूळ खातात. तो खाऊन झाला होता. परातीत बारीक तुकडे राहिले होते, त्यावर माश्या बसत होत्या. मी आत गेले. बापू मागोमाग आले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

‘‘बापू, हे काय?’’

‘‘चांगलं घर हाय बाई. पोरगा आठवी शिकलाय. ऊसतोडीला निघाले होते ते लोक, म्हणून घाई केली.’’

‘‘पण मी कुठं म्हणाले? तुम्ही शब्द दिला होता ना?’’

‘‘शब्दच पाळला की. तू काकीकडं जाऊन बसलीस. साऱ्या तांड्यानं ऐकलं. मी बी ऐकलं. अंधारात उभा राहून रोज ऐकलं, चंदी. लई गोड गळा हाय तुझा.’’

मी सांगितलं. निबंध, कॉलेज, शैलाचा प्रश्न, सगळं सांगितलं. बापू ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते खाली बसले. बाहेर नायकाचं हसणं ऐकू येत होतं. मग ते हळूच म्हणाले, ‘‘मोडू का? सांग. आत्ता जातो अन् मोडतो. माझी अब्रू जाऊ दे. तू सांग फक्त.’’ माझ्या धाकट्या दोन बहिणी याडीच्या पदराला धरून दारात उभ्या होत्या. गूळ खाऊन मोडलेल्या घरात पुढं कोण सोयरीक आणणार होतं? मला माहीत होतं, बापू खरंच गेले असते. त्यांनी ‘मी ठरवलंय, गप बस’ असं म्हणलं असतं तर मी भांडले असते. पण मोडू का म्हणून विचारणाऱ्या बापाशी कसं भांडायचं? मी बोलले नाही. बापूंनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग डोळे पुसून बाहेर गेले.

मी वसमतला परत येऊन शैलाला सांगितलं तेव्हा ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, ‘‘मी विचारलं नसतं तर?’’ मी म्हणाले, ‘‘असं काही नसतं गं.’’ ‘‘नाही, पण मी विचारलं नसतं तर तू गेली नसतीस ना काकीकडं?’’ आत काकूंचा पोळपाट वाजत होता, तो थांबला. सर स्वतः तांड्यावर आले, बापूंनी त्यांना घोंगडीवर बसवलं, चहा पाजला, पायही धरले आणि म्हणाले, ‘‘सर, चूक पोरीची न्हाई, माझी बी न्हाई. पण आता गूळ पोटात गेलाय.’’ सर उठून गेले. हळदी शिजवायच्या दिवसांत लग्न झालं. आजूबाजूच्या शिवारात कढया लागलेल्या होत्या आणि त्या उग्र वासात माझी परीक्षा माझ्याविना सुरू झाली.

लग्नाला शैला आली होती. एकटी, एस.टी.नं, फाट्यावरून चालत, हातात स्टीलचा डबा घेऊन. काकूंनी बेसनाचे लाडू दिले होते. निघायची वेळ झाली, मी ढावलो धरला. बापूंच्या गळ्यात पडले, याडीच्या पडले, काकीच्या पडले. शिकलेलं सगळं म्हणले आणि ते संपलं. मग समोर शैला दिसली. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि माझ्या तोंडातून आमच्या बोलीत आलं, तू विचारत गेलीस गं सई, मी सांगत गेले, तुझ्या एका प्रश्नानं माझं घर सुटलं, आता माझ्या माघारी कुणाला विचारशील? बाया ‘हाय हाय’ करून रडल्या. धापलीकाकी म्हणाली, असा ढावलो कितीक वर्षांत झाला न्हाई. शैला मात्र काठीसारखी उभी. तिला आमची बोली कळत नव्हती. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, ‘‘काय म्हणाली ती?’’ आणि त्या भोळ्या बाईनं शब्दाला शब्द सांगितला. जवळच्यालाच कडक बोल लावतात, हे शैलाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिच्याच पडवीत बसून आम्ही ते वाक्य नीट केलं होतं. पण कागदावर ठाऊक असणं निराळं. तिनं डबा याडीच्या हातात दिला आणि लापशीला न थांबता फाट्याकडं चालायला लागली. मी गाडीत बसेपर्यंत तिची पाठ दिसत होती. तो बोल मी रीतीनं लावला की खराच लावला, हे तेव्हा मला तरी कुठं कळत होतं?

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी ते प्रशस्तिपत्र बापूंना आणून दिलं, बापूंनी ते देवाच्या फोटोशेजारी लावलं. मी तेव्हा कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या खोपीत होते, मोळ्या बांधत. नवरा वाईट नव्हता, हे लिहायलाच पाहिजे. लेकरं मोठी झाल्यावर त्यानंच मला बाहेरून परीक्षेला बसवलं, आणि केस पांढरे झाल्यावर मी बी.ए. झाले. शाळेतली खुर्ची मात्र राहिली ती राहिलीच. शैला प्राध्यापक झाली. लग्न, मुलगा, सगळं झालं तिचं. मी माहेरी आले की निरोप धाडायची, ती कधी आली नाही. एकदा वसमतच्या बसस्टँडवर समोरासमोर आलो तर ती गर्दीत शिरली. मी हाक मारली, ‘‘शैले!’’ ती थांबली नाही. मीच येडी, नांदेडची बस सोडून तिच्या वाटेकडं बघत बसले.

गेल्या वर्षी तिच्या सुनेचा फोन आला. आई आजारी आहेत, तुमचं नाव घेतात. मी त्याच दिवशी गेले. नवं घर, नवी फरशी, आणि पलंगावर एवढीशी झालेली शैला. माझा हात तिनं धरला तो सोडला नाही. सून औषध देऊन बाहेर गेली. मग शैलानं विचारलं, ‘‘चंदे, माझ्यामुळं झालं का गं?’’

कितीतरी वर्षं या प्रश्नाला मी ‘न्हाई’ घोटून ठेवलं होतं. भाकरी थापताना, मोळ्या उचलताना, रात्री लेकराला थोपटताना मी मनातल्या मनात तिला म्हणायची, न्हाई गं शैले, तुझा काय दोष? पण ती माझ्याकडं बघत होती. तिच्याशी खोटं बोलायची मला सवयच नव्हती. मी म्हणाले, ‘‘व्हय. तुझ्यामुळं झालं.’’ तिनं मान हलवली. ‘‘बरोबर,’’ म्हणाली आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेतून पाणी उशीवर गेलं. मी पलंगावर तिच्याजवळ सरकून तिचं डोकं कुशीत घेतलं आणि घाईघाईनं सांगायला लागले, ‘‘पण ऐक ना, तू विचारलं नसतंस तर मी जन्मात एक खरी ओळ लिहिली नसती. लिहून राहिले ते सगळं तुझ्यामुळं. आजपर्यंत कागद पुढं घेतला की तूच समोर बसलेली असतेस. ऐकलंस का? शैले?’’ तिचा श्वास संथ झाला होता. सून आत येऊन हळूच म्हणाली, ‘‘त्या गोळीनं लगेच झोप लागते त्यांना.’’

दुसऱ्यांदा मी गेले ती तिच्या तेराव्याला. सुनेला बाजूला घेऊन विचारलं, नंतर काही बोलल्या का माझ्याबद्दल? ती म्हणाली, ‘‘हो. म्हणाल्या, चंदानं खरं ते सांगितलं.’’ मी विचारलं, अजून काही? सुनेनं जरा आठवून बघितलं आणि म्हणाली, ‘‘नाही, एवढंच.’’